रांगेत थांबणारे आणि बाकावर बसणारे

पिंपरीच्या एका भगिनींनी विचारले आहे: "माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. लहानपणापासून उपासनेला येतो, पण गेली दोन वर्षे नुसता शरीराने येतो. २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी तो आशीर्वादाच्या आधीच उठून गेला, कारण दुपारी बारा वाजता कोल्डप्ले ह्या बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमाची तिकिटे खुली होणार होती. घरी तीन फोन पुढ्यात मांडून तो दुपारभर बसला. तिकीट मिळाले नाही आणि संध्याकाळी तो रडला. देवासमोर त्याच्या डोळ्यांत पाणी आलेले मी कधी पाहिलेले नाही. मग खरी भक्ती कोणाची म्हणायची? ह्याला मूर्तिपूजा म्हणावे का? आमच्या पाळकांनी पुढच्याच रविवारी व्यासपीठावरून विचारले की गाणाऱ्यांसाठी जागता, मग तारणाऱ्यासाठी का जागत नाही. तेव्हा तो सरळ उठून बाहेर गेला. चूक कोणाची?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तसा उपदेश मी स्वतः केलेला आहे. मी एकतीस वर्षे पाळक होतो आणि त्यांतला बराच काळ नगर जिल्ह्यात तरुण संघ आणि गीतमंडळ सांभाळण्यात गेला. २ एप्रिल २०११ च्या शनिवारी रात्री वानखेडेवर भारताने श्रीलंकेला सहा गडी राखून हरवले आणि विश्वचषक जिंकला. आमच्या चर्चच्या आवारातली पोरे रात्री दोनपर्यंत रस्त्यावर थाळ्या बडवत होती. दुसऱ्या दिवशी लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातला, चौथा रविवार होता. अर्धे बाक रिकामे होते आणि उरलेल्या अर्ध्यांवर जांभया चालल्या होत्या. मी लिहून आणलेला संदेश बाजूला ठेवला आणि पाऊण तास मंडळीला झोडपले: अकरा माणसांसाठी घसा फोडता आणि प्रभूसाठी 'हालेलूया' म्हणताना ओठ हलत नाहीत, वगैरे. उपासना संपल्यावर आमचे पेटीवाले मामा पेटीचा भाता बंद करता करता मला म्हणाले, "पास्टरसाहेब, काल रात्री मीही नाचलो, सत्तरी ओलांडली तरी नाचलो. पण आज सकाळी पेटी उघडायला आलो तो काही नाचायच्या ओढीने आलो नाही. तुम्ही आज दूध गजाने मोजलंत."

त्या वाक्याचा अर्थ लागायला मला पुढची काही वर्षे लागली. इथे जे लिहितो आहे ते सगळे त्यातूनच आलेले आहे.

आधी एवढे सांगतो की ही तक्रार नवी नाही, आणि मोबाइल किंवा इंग्रजी गाणी आल्यामुळे ती जन्मलेली नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखिया (अँटिओक) शहरात योहान ख्रिसोस्तोम उपदेश करत असे. त्याचे वक्तृत्व असे होते की लोकांनी त्याला 'सुवर्णमुखी' हे नाव दिले. योहानाच्या शुभवर्तमानावरच्या एका प्रवचनात तो आपल्या श्रोत्यांना म्हणतो की आमोस कोण, ओबद्या कोण, संदेष्टे किती आणि प्रेषित किती हे विचारले तर तुमचे तोंड उघडत नाही. पण शर्यतीचे घोडे आणि सारथी ह्यांचा विषय निघाला की तुम्ही पंडितांनाही मागे टाकता. घोड्यांच्या जागी फलंदाजांची सरासरी घाला, म्हणजे हा उपदेश येत्या रविवारी महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंडळीत जसाच्या तसा चालेल. पुढे तो कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाल्यावर, ३९९ साली, लोक एका शुक्रवारी, म्हणजे प्रभूच्या वधस्तंभाच्या वारी, रथांच्या शर्यतीला गेले आणि लगेच दुसऱ्या दिवशी नाटकगृहात जाऊन बसले. ह्या प्रकाराने तो इतका दुखावला की त्यावर त्याने एक पूर्ण प्रवचन दिले.

ह्या माणसाची मोठी गंमत मात्र वेगळीच आहे. त्याच्या प्रवचनाला लोक टाळ्या वाजवत. त्याला ते आवडायचे आणि ते आवडते ह्याचीच त्याला भीती वाटायची. एकदा प्रेषितांच्या कृत्यांवर बोलताना त्याने, उपदेश चालू असताना कोणीही टाळ्या वाजवू नयेत, असा नियमच घालून द्यायला घेतला. तर लोकांनी त्यावरच टाळ्या वाजवल्या. ज्या गर्दीला तो घोड्यांपासून सोडवू पाहत होता, त्या गर्दीने त्यालाच एक उमदा घोडा करून टाकले होते. व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग रात्री झोपण्यापूर्वी आठवावा, असे मला वाटते. मी आठवतो.

रागावून काही साधले का, असे विचाराल तर साधले नाही. शर्यती चालूच राहिल्या. ख्रिसोस्तोमानंतर सव्वाशे वर्षांनी, ५३२ साली, त्याच कॉन्स्टँटिनोपलमध्ये रथशर्यतींतल्या निळ्या आणि हिरव्या गटाच्या चाहत्यांनी मिळून जे बंड केले त्यात शहराचा मोठा भाग जळला, हजारो माणसे मेली आणि त्या आगीत शहराचे मुख्य चर्चही भस्म झाले. आज इस्तंबूलमध्ये उभी असलेली हागिया सोफियाची वास्तू त्याच राखेवर पाच वर्षांत बांधली गेली. हे चाहते बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती होते, हे विसरू नये. त्यांना उपदेश ऐकायला मिळाला नव्हता असेही नाही. त्यांच्या काही पिढ्यांनी तो ऐकला होता.

आता मूळ तुलनेकडे येतो. आपण नेहमी कशाची तुलना कशाशी करतो? स्टेडियममधल्या कल्लोळाची रविवारच्या दहा वाजताच्या उपासनेशी. ही तुलनाच खोटी आहे. कार्यक्रमाची ती रात्र चाहत्याच्या आयुष्यात एकदाच येते; तिच्या मागे दिव्यांचा, ध्वनीचा, पैशाचा आणि कित्येक महिन्यांच्या जाहिरातीचा डोलारा उभा असतो. उपासना दर आठवड्याला येते, आणि तिच्या मागे बहुतेक वेळा एक पेटी, एक तबला आणि खोकणारा एक माईक असतो. ह्या दोन प्रसंगांतला आवाज मोजून कोणाचे प्रेम मोठे हे ठरवणे म्हणजे लग्नाच्या वरातीवरून संसाराची परीक्षा करण्यासारखे आहे.

तुलना करायचीच असेल तर ती कार्यक्रमाशी न करता रांगेशी करावी. त्या सप्टेंबरच्या रविवारी तिकिटांच्या संकेतस्थळावर एक कोटी तीस लाखांच्या आसपास लोक आल्याचे जाहीर झाले होते, आणि जागा त्याच्या पासंगालाही पुरणाऱ्या नव्हत्या. तुमच्या मुलासमोर एक आकडा होता, तुमच्या पुढे इतके लाख लोक आहेत असे सांगणारा, आणि तो आकडा हळूहळू उतरत होता. त्या वेळात कोणतेही गाणे वाजत नव्हते, दिवे नव्हते, नाच नव्हता. नुसता एक पडदा होता आणि वाट पाहणे होते. मिळेलच ह्याची खात्री नसताना तो उठला नाही. भगिनी, तुम्ही त्याच्या रडण्याकडे पाहिलेत. मी असतो तर त्या बसण्याकडे पाहिले असते. ज्या मुलाला एक तास बसवत नाही असे आपण म्हणतो, तो दुपारभर एका कोऱ्या पडद्यासमोर बसू शकतो, म्हणजे बसण्याची शक्ती त्याच्यात आहे. आपण नाताळाआधीचे चार आठवडे आगमनकाल म्हणून पाळतो, जांभळे वस्त्र घालतो, मेणबत्त्या लावतो आणि वाट पाहण्याविषयी गीते गातो. वाट पाहणे म्हणजे नेमके काय, हे त्या दुपारी तुमच्या घरात आपल्या मंडळीपेक्षा जास्त चांगले कळलेले होते.

चाहत्यांविषयीचे एक निरीक्षण संत ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे, आणि ते आजही जसेच्या तसे लागू पडते. ख्रिस्ती शिकवणीवरच्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात तो म्हणतो की नाटकगृहात एखाद्याला एखादा नट आवडला, की त्याला तो नट आवडणारी बाकीची माणसेही आवडू लागतात. ती काही त्यांच्या स्वतःच्या गुणांमुळे आवडत नाहीत, तर त्या नटामुळे आवडतात. प्रेम जितके जास्त तितका तो अधिकाधिक लोकांना त्या नटाची ओळख करून देतो, थंडपणे ऐकणाऱ्याला चेतवतो, आणि कोणी नावे ठेवली तर त्याला सहन होत नाही. मग ऑगस्टीन विचारतो की देवावर प्रेम करणाऱ्यांनी एकमेकांशी कसे वागायला हवे? ऑगस्टीनला नाटकगृहाविषयी अजिबात ममता नव्हती. तारुण्यात कार्थेजमध्ये तो नाटकांच्या नादी लागला होता आणि त्याचा त्याला पश्चात्ताप होता. तरीही शेजारप्रीती शिकवायला त्याने उदाहरण घेतले ते चाहत्याचेच. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तुमच्या मुलाला रांगेतले ओळखपाळख नसलेले लोक आपले वाटले असतील, कोणाला तिकीट मिळाले तर त्याने अभिनंदनही केले असेल. आपल्या मंडळीत एकाच बाकावर वीस वर्षे बसणाऱ्या दोन घरांत बोलणे नाही, अशी उदाहरणे मला नावानिशी ठाऊक आहेत. ती मी सांगणार नाही.

पण ह्याच निरीक्षणाची दुसरी बाजू अशी की चाहतेपण मंडळीच्या आतही शिरते, आणि तिथे ते ओळखू येत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, अशी तक्रार आहे. हे चाहत्यांचे गटच होत. त्याच पौलाच्या वाट्याला लुस्त्रमध्ये काय आले तेही आठवावे: एका पांगळ्याला बरे केल्यावर लोकांनी त्याला आणि बर्णबाला देवांची नावे दिली, बैल आणि फुलांच्या माळा आणल्या, आणि नंतर, बाहेरून आलेल्या लोकांनी कान भरले तेव्हा, त्याच गावात पौलाला दगडमार झाली आणि तो मेला असे समजून त्याला ओढत बाहेर टाकले. झावळ्यांच्या रविवारी आपण जो होसान्ना गातो त्याच्यापुढे वधस्तंभाचा शुक्रवार आहे, हे तर कोणाला सांगायला नको. नुसत्या उत्साहावर पवित्र शास्त्राचा भरवसा फार थोडा आहे, मग तो उत्साह देवासाठीचा का असेना.

एक अलीकडचे उदाहरण घेतो. मार्च १९६६ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत बीटल्सचा जॉन लेनन म्हणून गेला की आमचे वाद्यवृंद-मंडळ आता येशूपेक्षा लोकप्रिय आहे. इंग्लंडमध्ये त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. जुलैच्या अखेरीस ते वाक्य अमेरिकेतल्या तरुणांच्या एका मासिकात पुन्हा छापले गेले आणि दक्षिणेकडच्या राज्यांत भडका उडाला. नभोवाणी केंद्रांनी गाणी बंद केली आणि तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. शेवटी शिकागोत पत्रकारांसमोर त्याला खुलासा आणि दिलगिरी द्यावी लागली. लेननचे बोलणे उर्मट होतेच. पण होळी पेटवणाऱ्यांनी जे केले ते पाहिले की वाटते, प्रतिस्पर्धी संघाचा झेंडा जाळणारे चाहते ह्याहून वेगळे काय करतात? येशूची लोकप्रियता कमी आहे असे म्हटल्याने ज्याला राग येतो, त्याने येशू लोकप्रिय असायला हवा होता हे आधीच मान्य केलेले असते. शुभवर्तमानातल्या येशूला तर लोक बळजबरीने राजा करायला निघाले तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला.

मग फरक कुठे आहे? पेटीवाल्या मामांच्या वाक्यात तो होता, आणि मला तो डोळ्यांनी दिसला तो एप्रिल २०२० मध्ये. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि उपासना बंद झाल्या. आम्ही फोनवरून प्रार्थना सुरू केल्या, आणि पहिले दोन-तीन रविवार त्यांना भरपूर उत्साह होता. चर्चच्या आवारातच एका खोलीत घंटा वाजवणारे एक काका राहत. तीस वर्षे त्यांनी घंटा वाजवली होती, बाक पुसले होते, अर्पणाच्या थैल्या धुतल्या होत्या. मी त्यांना कधी हात वर करून गाताना पाहिले नाही, कधी साक्ष देताना ऐकले नाही; खरे सांगायचे तर माझ्या संदेशाच्या वेळी ते बहुतेकदा डुलक्या काढत. त्या दिवसांतल्या एका रविवारी मी कागद घ्यायला ऑफिसात गेलो, तर आवार झाडलेले होते, पायऱ्या धुतलेल्या होत्या, आणि काका स्वच्छ पांढरा सदरा घालून बंद दाराबाहेरच्या पायरीवर बसले होते. घंटा वाजवायची परवानगी नव्हती म्हणून वाजवली नव्हती. किती वेळ बसणार, असे विचारले तर म्हणाले, "साडेअकरापर्यंत. आशीर्वाद होईस्तोवर." कोण देणार आशीर्वाद, असे मी हसून विचारले, त्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुढे काही बोललो नाही.

त्या माणसात उत्साह नव्हता. उत्साहाच्या मोजपट्टीवर तो तुमच्या मुलापुढे शून्य भरला असता. पण चाहत्याची रांग एका रात्रीसाठी असते, आणि ती रात्र होऊन गेली की संपते. ह्या माणसाची रांग तीस वर्षे चालू होती आणि तिच्या टोकाला कोणता कार्यक्रम ठेवलेला नव्हता. कंटाळा आल्यावरही जी टिकते, आणि कंटाळ्याला पाप न समजता त्याच्यासकट येऊन बसते, तिला मी भक्ती म्हणतो. मंडळीत आपण कंटाळ्याविषयी फार खोटे बोलतो. उपासना दर रविवारी हृदयाला भिडलीच पाहिजे अशी अपेक्षा आपण मुलांवर लादतो, ती भिडत नाही हे त्यांना दिसते, मग आपल्यातच काही खोट आहे असे तरी त्यांना वाटते किंवा उपासनेतच खोट आहे असे. ज्या दिवशी काही वाटत नाही त्या दिवशीही यायचे असते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

चाहत्याच्या प्रेमात आणखी एक उणीव आहे, पण ती त्याची स्वतःची नव्हे. त्याच्या आवडत्या गायकाला त्याचे नाव ठाऊक नसते, आणि गायक त्याच्याकडून काही मागतही नाही. तिकिटाचे पैसे सोडले तर आजारी शेजाऱ्याला भेट, भांडलेल्या भावाला क्षमा कर, दशमांश दे, ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबरोबर एकाच भाकरीतला तुकडा खा, असे तो कधी म्हणत नाही. म्हणूनच ते प्रेम इतके निर्भेळ वाटते. देवावरच्या प्रेमाला ह्या सगळ्या मागण्यांचे वजन वाहावे लागते, त्यामुळे ते पावले जपून टाकत चालते आणि लांबून मंद दिसते.

मूर्तिपूजेच्या प्रश्नाला ह्यामुळे माझे उत्तर सरसकट 'हो' असे नाही. तर्तुलियन ह्या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सांध्यावर कार्थेजमध्ये खेळ-तमाशांविरुद्ध जे लिहिले त्याचा आधार आजही दिला जातो. पण त्याचा मुख्य मुद्दा असा होता की रोमी खेळ देवदेवतांच्या मूर्तींच्या मिरवणुकीने आणि यज्ञाने सुरू होत, आणि रिंगणात माणसे मारली जात. ती कारणे गाण्याच्या कार्यक्रमाला लागू होत नाहीत. शिवाय त्याच लेखनाच्या शेवटी तर्तुलियन वाचकांना शेवटच्या न्यायाच्या दिवसाचे आमिष दाखवतो, तेही सर्वांत भव्य तमाशा म्हणूनच. तमाशाचा एवढा कट्टर शत्रू, पण त्याच्याही स्वप्नात तमाशाच होता. त्यामुळे मी मुलांच्या बाबतीत साधी कसोटी लावतो: ह्या आवडीसाठी तो खोटे बोलतो का, उधारी करतो का, नावडते मत असणाऱ्याशी क्रूरपणे वागतो का? तुमच्या पत्रात ह्यांतले काहीच नाही. तिकीट न मिळाल्याने एकोणीस वर्षांचा मुलगा रडला, एवढेच आहे.

इथे मंडळीच्या एका उलट्या मोहाविषयी सांगितले पाहिजे, कारण तुमच्या पाळकांना उद्या कोणीतरी तो सुचवणार. मुले कार्यक्रमाला जातात, तर आपणच कार्यक्रम करू. माझ्या देखरेखीखाली आम्ही तो प्रयोग केला. भाड्याचे दिवे, धुराचे यंत्र, मोठा ध्वनिसंच, शनिवारी रात्री 'स्तुतिसंध्या'. तीनशेवर मुले आली, घामाघूम होईपर्यंत गायली, आणि शेवटी मंचासमोर फोटो काढून घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उपासनेला त्यांतली आठ होती, आणि त्या आठांतले चौघे खुर्च्या परत करायला थांबलेले होते. दोष मुलांचा नव्हता. आम्ही त्यांना प्रेक्षक म्हणून बोलावले होते आणि ती उत्तम प्रेक्षक झाली. शिवाय खऱ्या कार्यक्रमापुढे आपला कार्यक्रम नेहमीच गरीब दिसणार.

ह्याचा अर्थ रंजन आणि भक्ती ह्यांत भिंत आहे असा मात्र नाही, निदान मराठीत तरी कधी नव्हती. १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोल इथे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले ते ओव्यांत, कारण पुराणे ऐकत वाढलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांना गाता-ऐकता येईल असे काही हवे होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा आमच्या मंडळ्यांत परदेशी चालींवर बसवलेली गीते बरीच होती. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन ह्यांना मंडळीत हक्काची जागा मिळवून दिली. कीर्तनात विनोद असतो, नकला असतात, ताना असतात, श्रोते पोट धरून हसतात. पण चांगला कीर्तनकार पूर्वरंगात जो विषय मांडतो त्याच्याकडे उत्तररंगातल्या आख्यानाला ओढून आणतो, आणि शेवटी श्रोत्यालाच गायला लावतो. कीर्तनात टाळ धरणारा आणि नुसता ऐकणारा ह्यांत अंतर फार नसते. मघाचा ऐकणारा थोड्या वेळाने धृपद म्हणत असतो. आमच्या धुराच्या यंत्राच्या प्रयोगात हेच नव्हते.

आता तुमच्या मुलाविषयी. युतुख नावाच्या तरुणाची गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात आहे. उपदेशाच्या वेळी झोपणाऱ्या सगळ्यांचा तो आद्यपुरुष. त्रोवसात माडीवरच्या खोलीत पुष्कळ दिवे जळत होते, पौलाचे बोलणे मध्यरात्रीपर्यंत लांबले, खिडकीत बसलेल्या युतुखाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल खाली उतरला, त्याने त्याला कवटाळले, ह्याच्यात प्राण आहे असे सांगितले, वर जाऊन भाकर मोडली, आणि मग पहाटेपर्यंत पुन्हा बोलत बसला. त्याने त्या मुलाला झोपेबद्दल एक शब्द सुनावल्याचे ते पुस्तक लिहिणारा लूक लिहीत नाही. पौलाने भाषण छोटे केले असेही लिहीत नाही, ही गोष्ट पाळक मंडळींच्या सोयीची आहे. पण मधे तो खाली उतरला. तुमच्या पाळकांनी व्यासपीठावरून जे केले ते वरूनच केले.

म्हणून जेवताना तुलना बंद करा. 'एवढे देवासाठी केले असतेस तर' हे वाक्य घरातून काढून टाका. ते खरे असले तरी त्याने कोणीही देवाजवळ गेल्याचे मी पाहिलेले नाही. त्याला उपासनेत बसायला सांगण्यापेक्षा काही काम द्या, आणि ते मंचावरचे नको. गिटार वाजवतो म्हणून लगेच त्याला पुढे उभे करण्याची घाई मंडळी करतील, तिला नकार द्या; मंचावर त्याला टाळ्या मिळतील आणि तो पुन्हा कार्यक्रमातच जाईल. शब्बाथ शाळेच्या मुलांना गीत शिकवणे, उपासनेला येऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्यांकडे प्रभुभोजनासाठी पाळकांबरोबर जाणे, असे काहीतरी द्या, जिथे कोणाला तरी त्याचे नाव ठाऊक होईल आणि तो आला नाही तर विचारपूस होईल. तो कंटाळला तर कंटाळू द्या, आणि तुम्हालाही कधी कधी कंटाळा येतो हे त्याला सांगा. तुम्ही तरी का येता हे त्याने विचारले, तर ठरलेले उत्तर देऊ नका. दोन दिवस विचार करून खरे सांगा.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे की २६ जानेवारी २०२५ चा अहमदाबादचा कार्यक्रम घरबसल्या पाहण्याची सोय झाली, तेव्हा त्याने तो खोलीचे दार लावून एकट्याने पाहिला आणि तुम्ही बाहेर जपमाळेसारखी भांडी घासत बसलात. पुन्हा असा प्रसंग आला तर दार वाजवून आत जा, त्याच्या शेजारी बसा आणि एखाद्या गाण्याचे शब्द त्याला विचारा. त्याला ते सगळे पाठ असतील.